मूठ आणि वारा

लखनौ शहराच्या गोमती नगर भागात जनेश्वर मिश्र यांच्या नावाचे एक विस्तीर्ण उद्यान आहे. ते २०१४ साली लोकांसाठी खुले झाले. त्याचा विस्तार पावणेचारशे एकरांच्या घरात असून सायकलस्वारांसाठी त्यात वेगळी वाट राखलेली आहे. अशा वाटेवरून सकाळच्या कोवळ्या उन्हात फेरफटका मारणारा सायकलस्वार पाहावा. त्याची पाठ ताठ असते, कोपरे सैल असतात. एक हात हँडलवर आणि दुसरा सोबत्याशी बोलताना हवेत फिरत असतो. त्याच्या लेखी हँडल म्हणजे वळण घेण्याचे, घंटी वाजवण्याचे आणि वेळ आली तर ब्रेक दाबण्याचे साधन. ते किती रुंद आहे, किती खाली आहे, सीटपासून किती अंतरावर आहे, याचा विचार त्याच्या मनाला शिवतही नाही. आणि तसा तो शिवण्याचे कारणही नाही.

परंतु याच सायकलीचे एक सख्खे भावंड असे आहे की, त्याच्या बाबतीत हँडलची निवड हा जवळजवळ जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो. हे भावंड म्हणजे शर्यतीच्या गोलाकार मार्गावर, म्हणजे व्हेलोड्रोमवर, धावणारी सायकल. तिला ब्रेक नसतात. तिचे मागचे चाक पायडलांशी पक्के जखडलेले असते. चाक फिरते तोवर पायही फिरतच राहतात. अडीचशे मीटरांच्या आधुनिक लाकडी मार्गावर वळणाचा उतार चाळीस अंशांहून अधिक असतो. भिंतीसारख्या त्या उतारावरून ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने, शेजारच्या स्वाराच्या कोपराला कोपर घासत, ही सायकल धावते. तिच्या स्वाराला सावरायला दोनच गोष्टी असतात, पाय आणि हात. पायांविषयी सारेच बोलतात. हातांची कहाणी मात्र क्वचितच सांगितली जाते, आणि ती तितकीच रंजक आहे.

हातात येणारा आडवा, वाकवलेला दांडा म्हणजे हँडल. हे हँडल पुढच्या फोर्कला जोडणारा जो आखूड गळा असतो, त्याला कारागीर स्टेम म्हणतात. हँडल किती रुंद व किती खोल असावे हा एक प्रश्न. स्टेम किती लांब आणि किती झुकलेला असावा हा दुसरा. या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर स्वाराची सारी बैठक ठरते. दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला तर या उत्तरांवर तिघांनी आळीपाळीने हक्क सांगितलेला दिसतो. पहिला वारा, दुसरा नियम आणि तिसरा प्रत्यक्ष स्वार.

कहाणीचा आरंभ १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे होतो. त्या वर्षीच्या जून महिन्यात कार्ल फोन ड्राइस या गृहस्थाने दोन चाकांचे एक लाकडी वाहन रस्त्यावर आणले. त्याला पायडले नव्हती. स्वार जमिनीला पाय लावत ते पुढे ढकलत असे. मौज अशी की, ड्राइसने हातांसाठी दोन निरनिराळ्या सोयी केल्या होत्या. पुढचे चाक वळवण्यासाठी एक दांडा होता आणि पुढचे हात टेकण्यासाठी गादी लावलेली एक वेगळी फळी होती. वळण्याचे काम एकाकडे, आधाराचे काम दुसरीकडे. पुढे ही दोन्ही कामे एकाच दांड्यावर येऊन पडली आणि त्यांच्यातील ओढाताण सुरू झाली. हँडलच्या निवडीतील पुढच्या सगळ्या अडचणी या एका जोडकामातून निघालेल्या आहेत.

१८७० नंतरच्या काळात पुढचे चाक प्रचंड मोठे आणि मागचे अगदी लहान अशी उंच सायकल इंग्लंडात व अन्यत्र लोकप्रिय झाली. स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या डोक्यावर बसे. वाटेत दगड आला, चाक अडले की तो थेट पुढे फेकला जाई. हँडल मांड्यांच्या वर आडवे असल्यामुळे पाय त्याच्याखाली अडकत आणि माणूस डोक्यावर आपटे. या भीतीतून १८८० च्या दशकात व्हॉटन हँडल म्हणून ओळखला जाणारा एक प्रकार निघाला. त्यात हँडलचे दोन्ही बाहू मांड्यांच्या खालून मागे वळवलेले असत. सायकल उलटली तर पाय मोकळे राहून स्वार पुढे पायांवर उतरावा, अशी त्यामागची कल्पना. आजच्या डोळ्यांना हे हँडल चमत्कारिक वाटेल. परंतु त्यात एक मोठे शहाणपण आहे. पडण्याचा प्रसंग गृहीत धरून हँडल निवडावे, हा विचार तेथे स्पष्टपणे दिसतो. पुढच्या शतकात तो अनेकदा विसरला गेला.

१८८५ साली जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल आली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला चेन, आणि स्वार दोहोंच्या मध्ये. आजची सायकल ती हीच. स्वार खाली आला, पडण्याचे भय कमी झाले आणि वेग वाढू लागला. वेग वाढताच एक जुना शत्रू नव्याने समोर उभा राहिला. तो म्हणजे वारा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, आणि तो मोडून काढण्यासाठी लागणारी शक्ती आठपट होते. ताशी पन्नास किलोमीटरच्या आसपास स्वाराच्या शक्तीचा बहुतेक सारा भाग केवळ हवा बाजूला सारण्यात खर्च होतो. त्या हवेला अडवणारे मुख्य अंग सायकल नव्हे. ते असते माणसाचे शरीर. म्हणून शरीर लहान करणे, पाठ वाकवणे, डोके खाली नेणे आणि कोपरे आत घेणे हाच उपाय उरतो. आणि शरीर कुठे वाकेल हे ठरवते हँडल. खाली वळलेल्या बाहूंचे हँडल याच गरजेतून रूढ झाले.

या काळात व्हेलोड्रोम ही युरोप-अमेरिकेतील मोठी करमणूक होती. १८९३ साली पॅरिसच्या बुफालो व्हेलोड्रोमवर आंरी देग्रांज याने एका तासात ३५.३२५ किलोमीटर अंतर कापले. पुढे १९०३ मध्ये फ्रान्सची सुप्रसिद्ध प्रदक्षिणा-शर्यत सुरू करणारा तो हाच. एका तासात एकट्याने किती अंतर कापता येते, हा तेव्हापासून सायकलपटूंच्या पराक्रमाचा मापदंड होऊन बसला. हँडलच्या इतिहासालाही हाच तास पुढे पुन्हापुन्हा वळण देणार होता.

परंतु स्टेमच्या इतिहासातील पहिले मोठे नाव अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय तरुणाचे आहे. मार्शल टेलर, ज्याला लोक मेजर टेलर म्हणत, १८७८ साली इंडियानापोलिस येथे जन्मला. १८९९ साली माँट्रियल येथे एक मैलाच्या शर्यतीत तो जगज्जेता ठरला. तथापि त्याच्या देशात त्याला अनेक हॉटेलांत खोली मिळत नसे, आणि काही मार्गांवर रंगामुळे त्याला उतरूच दिले जात नसे. १८९७ मध्ये एका शर्यतीनंतर प्रतिस्पर्ध्याने त्याचा गळा आवळून त्याला बेशुद्ध केले होते. शर्यतीत गोऱ्या स्वारांनी एकजूट करून त्याला कोंडीत धरावे, हाही नेहमीचाच प्रकार होता. अशा माणसाला गर्दीतून निसटून पुढे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्याच्या काळी बहुतेक स्वारांचे हँडल फोर्कच्या जवळ असे. टेलरने ते पुढे नेले. फोर्कच्या डोक्यापासून पुढे निघालेला एक आडवा दांडा आणि त्यावर पुढेमागे सरकवून हव्या त्या जागी घट्ट करता येणारे हँडल, असा त्याचा स्टेम होता. त्यामुळे पाठ लांब व सपाट होई, छातीला श्वास घेण्यास जागा राही, आणि मुख्य म्हणजे स्वाराला आपल्या हातांच्या लांबीप्रमाणे जागा निवडता येई. हा स्टेम टेलरच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. स्वाराने सायकलीच्या मापात बसायचे नसून सायकलीने स्वाराच्या मापात बसायचे, हा विचार या लहानशा लोखंडी गळ्यात आहे. ज्याला समाजाने कोठेच जागा दिली नाही, त्याने निदान हँडलची जागा तरी स्वतः ठरवली. १९३२ साली शिकागोत तो अत्यंत हलाखीत वारला. त्याच्या थडग्यावर नाव लागायलाही १९४८ साल उजाडावे लागले.

पुढील अर्धशतकात शर्यतीच्या प्रकारांप्रमाणे हँडलचे प्रकार ठरत गेले, आणि निवडीचे एक व्यवहारशास्त्र कारागिरांच्या दुकानांत तयार झाले. आखूड पल्ल्याच्या शर्यतीत स्वार उभा राहून, सारे अंग झोकून पायडल दाबतो. पाय खाली दाबतो त्याच क्षणी हात हँडल वर ओढतो. हाताची ही ओढ नसेल तर पायाचा जोर शरीरालाच वर उचलील. म्हणून अशा सायकलीचे हँडल खोल असते. त्याचे खांदे उतरते असतात, म्हणजे खाली धरलेल्या हातांच्या मनगटांना वरचा दांडा लागत नाही. आणि ते वाकू नये म्हणून पुष्कळ काळ पोलादाचेच बनवले जाई. ॲल्युमिनियम हलके खरे; पण वजनापेक्षा ताठपणा महत्त्वाचा, असे कारागीर सांगत. स्टेमही तसाच. पुढे झुकलेला, आखूड अंगाचा आणि न लवणारा.

दीर्घ पल्ल्याच्या सांघिक शर्यतीत निराळी गरज असते. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सहा दिवसांच्या अखंड शर्यती होत. स्वारांचे हाल पाहून एका स्वाराने दिवसात बारा तासांहून अधिक धावू नये, असा कायदा तेथे झाला आणि १८९९ पासून दोघादोघांच्या जोड्या उतरू लागल्या. त्यातून निघालेल्या मॅडिसन शर्यतीत एक जोडीदार दुसऱ्याचा हात धरून त्याला वेगाने पुढे भिरकावतो. त्या क्षणी दोघांचाही एकच हात हँडलवर असतो. येथे फार खोल हँडल कामाचे नाही. वरच्या सपाट भागावरही मूठ नीट बसली पाहिजे. म्हणजे हँडल पाहून शर्यत ओळखावी, इतका या दोहोंचा संबंध निकटचा आहे.

मापे ठरवण्याच्या जुन्या रीती साध्या असत. कोपर सीटच्या टोकाला टेकवावे आणि बोटे पुढे पसरावीत. ती हँडलच्या जवळपास पोचली म्हणजे स्टेमची लांबी साधारण बरोबर. हँडलची रुंदी खांद्यांइतकी असावी, म्हणजे छाती आवळली जात नाही. या रीती ढोबळ होत्या, परंतु त्यांचा रोख योग्य होता. माप शरीरावरून घ्यायचे, दुसऱ्याच्या सायकलीवरून नव्हे. स्टेम लांब असेल तर सुकाणू मंद आणि स्थिर होते. आखूड असेल तर चपळ, पण थरथरते. दोन सेंटिमीटरांच्या फरकाने एकच सायकल शांत किंवा बुजरी वाटू लागते.

जपानने हे व्यवहारशास्त्र कायद्याइतके पक्के केले. १९४८ साली कोकुरा येथे कैरिन शर्यती सुरू झाल्या. त्यांवर लोक अधिकृतपणे पैजा लावतात, त्यामुळे सायकलीच्या गुणाने कोणी जिंकू नये ही काळजी घ्यावी लागली. सायकलीचा प्रत्येक भाग मान्यताप्राप्त असला पाहिजे, त्यावर तसा शिक्का असला पाहिजे, असा नियम झाला. तरी हँडलची रुंदी आणि स्टेमची लांबी मात्र ज्याची त्याने निवडायची. सर्वांना सारखेच पोलाद, पण प्रत्येकाला आपले माप. समता आणि व्यक्तिभेद यांचा असा मेळ क्वचितच पाहायला मिळतो. या शिस्तीत वाढलेला कोइची नाकानो १९७७ पासून १९८६ पर्यंत सलग दहा वर्षे जगज्जेता राहिला, आणि २००० साली सिडनी येथे कैरिन ही ऑलिंपिक शर्यतही झाली.

महाराष्ट्राला सायकल शर्यत म्हटली की प्रथम आठवते ती मुंबई-पुणे शर्यत. बोरघाटाचा चढ प्रथम चढून जाणाऱ्यास मिळणारा 'घाटांचा राजा' हा किताब घरोघरी ठाऊक आहे. घाटातील स्वार चढावर हँडलचा वरचा भाग धरतो, उतारावर खाली वाकतो, वळणावर ब्रेकवर बोटे ठेवतो. त्याच्या हँडलला तीन-चार प्रकारच्या मुठी लागतात. व्हेलोड्रोमवरील आखूड शर्यतीच्या स्वाराला मात्र एकच मूठ पुरते, पण ती अचूक असावी लागते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हर्न हिलच्या मार्गावर भारताचे स्वार उतरले; रोहिंटन नोबल यांच्यासारखे पारशी तरुण त्यांत होते. १९८२ च्या एशियाडसाठी दिल्लीत यमुना व्हेलोड्रोम बांधले गेले. १९९४ साली राष्ट्रीय क्रीडास्पर्धा पुण्यात भरल्या. त्यांच्यासाठी उभारलेल्या बालेवाडीच्या क्रीडानगरीत व्हेलोड्रोमही आहे. २०१० मध्ये दिल्लीत छताखालचा लाकडी मार्ग तयार झाला. या सोयींनंतर फळही दिसू लागले. २०१८ साली स्वित्झर्लंडमधील एग्ल येथे अंदमानचा ईसो आल्बेन कुमारांच्या जागतिक स्पर्धेत कैरिनमध्ये रौप्यपदकाचा मानकरी ठरला, आणि २०२२ मध्ये दिल्लीतच रोनाल्डो सिंग याने आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. जे खोल, उतरत्या खांद्यांचे हँडल कोकुरा आणि पॅरिसच्या मार्गांवर घडले, त्याच कुळातले हँडल या भारतीय तरुणांच्या मुठीत होते.

आता पुन्हा त्या एका तासाकडे वळले पाहिजे. १९१४ साली ऑस्कर एग याने तासाला ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हा हँडल खाली वळलेलेच होते. १९७२ साली मेक्सिको सिटीच्या विरळ हवेत एडी मर्क्स याने ४९.४३१ किलोमीटर अंतर कापले, तेव्हाही त्याचा आकार मूलतः तोच होता. मर्क्सच्या सायकलीचे वजन सहा किलोंहूनही कमी होते. काही ग्रॅम वाचावेत म्हणून तिचा स्टेम टायटॅनियम धातूचा घडवलेला होता. अठ्ठावन्न वर्षांत धातू बदलला, पण मूठ बदलली नाही. वजन कमी करण्यात सारी बुद्धी खर्च झाली. वाऱ्याचा विचार मागेच राहिला. १९८४ मध्ये फ्रान्चेस्को मोझर याने त्याच शहरात बैलाच्या शिंगांसारखे पुढे वळलेले हँडल आणि भरीव चाके वापरली, आणि ५१ किलोमीटरांची मर्यादा ओलांडली. तेव्हा कोठे जगाचे लक्ष आकाराकडे गेले.

परंतु मूठ खऱ्या अर्थाने बदलली ती स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याने. त्याच्यापाशी मोठा कारखाना नव्हता, पैसा तर नव्हताच. आपली सायकल त्याने स्वतःच जोडली. तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातील बेअरिंगही बसवली. हँडल मात्र त्याने असे केले की पाहणाऱ्यांनी तोंडात बोटे घालावीत. ते अरुंद आणि सरळ होते, छातीच्या अगदी जवळ. हात दुमडून खांद्यांखाली, कोपरे बरगड्यांना चिकटलेली, आणि छाती त्या दुमडलेल्या हातांवर टेकलेली. हातांनी वारा अडवायचा नाही, अशी ती बैठक. १९९३ च्या जुलै महिन्यात नॉर्वेतील हामार येथे त्याचा पहिला प्रयत्न फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा मार्गावर आला आणि ५१.५९६ किलोमीटर अंतर कापून त्याने मोझरचा विक्रम मोडला. सहाच दिवसांनी क्रिस बोर्डमन याने बोर्दो येथे तोही मागे टाकला. ओब्रीने पुढील वर्षी तो परत मिळवला.

येथे नियम आडवा आला. १९९४ साली आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने ही बैठक निषिद्ध ठरवली. त्याच वर्षी पालेर्मोच्या जागतिक स्पर्धेत ओब्री त्याच बैठकीत धावला आणि बाद झाला. तो स्वस्थ बसला नाही. १९९५ मध्ये त्याने हात सरळ पुढे ताणलेली दुसरी बैठक आणली. हँडलला जोडलेला लांब दांडा आणि त्याच्या टोकाला मुठी. तो बोगोटा येथे जगज्जेता झाला. १९९६ मध्ये बोर्डमनने हीच बैठक घेऊन मँचेस्टर येथे तासात ५६.३७५ किलोमीटर कापले. मग संघटनेने हीही बैठक बंद केली. २००० साली तर मर्क्सच्या काळच्या सायकलीवर केलेला विक्रमच खरा, असे ठरले. बोर्डमन जुन्या वळणाचे हँडल धरून पुन्हा उतरला आणि त्याने ४९.४४१ किलोमीटर अंतर कापले. मर्क्सपेक्षा अवघे दहा मीटर अधिक! एकाच माणसाच्या दोन तासांत जवळजवळ सात किलोमीटरांचे अंतर पडले. मधे चार वर्षे लोटली होती हे खरे; परंतु त्या अंतराचा फार मोठा वाटा हँडलने ठरवलेल्या बैठकीचा होता, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

या प्रकरणी कोणाची बाजू घ्यावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. खेळात माणसांची तुलना व्हावी, यंत्रांची नव्हे, हे संघटनेचे म्हणणे खोटे नव्हते. हात छातीखाली दुमडलेला स्वार संकटप्रसंगी सायकल कितपत सावरू शकेल, ही शंकाही रास्त होती. तथापि ओब्रीकडे पैशाचे बळ नव्हते. होती ती केवळ कल्पना. ज्याला महागडी चाके परवडत नाहीत, त्याला हँडलची नवी जागा शोधण्याचीही मुभा नसेल, तर खेळात समता येते की श्रीमंतांचीच वाट निर्वेध होते, हाही विचार करण्यासारखा आहे. टेलरला आपले हँडल पुढे सरकवण्यास कोणी मनाई केली नव्हती. तो सुमारे शंभर वर्षे नंतर जन्मला असता, तर कदाचित त्याच्याही स्टेमचे माप एखाद्या अधिकाऱ्याने पट्टीने मोजले असते.

२०१४ नंतर नियम पुन्हा सैल झाले आणि पुढे टेकण्याचे दांडे असलेल्या हँडलला तासाच्या विक्रमासाठी मान्यता मिळाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधील ग्रेनचेन येथे फिलिप्पो गान्ना याने ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले, आणि बोर्डमनचा सव्वीस वर्षांपूर्वीचा आकडा अखेर मान्य बैठकीत ओलांडला गेला. २०२३ च्या आरंभापासून या दांड्यांची लांबी स्वाराच्या उंचीप्रमाणे कमीअधिक ठेवण्याची सवलतही आली. उंच माणसाचे हात लांब असतात, ही गोष्ट नियमाच्या पुस्तकात शिरायला इतकी वर्षे लागली! त्याच सुमारास अनेकांनी एकत्र धावण्याच्या शर्यतींत हँडल ३५० मिलिमीटरांहून अरुंद नसावे, असेही बंधन घातले गेले. वाऱ्याच्या लोभाने स्वार हँडल इतके अरुंद करू लागले होते की सुकाणूवरचा ताबाच सुटावा.

या साऱ्या इतिहासाचे सार एका प्रसंगात एकवटले आहे. २ ऑगस्ट २०२१ रोजी जपानमधील इझू येथील व्हेलोड्रोमवर टोकियो ऑलिंपिकची सांघिक शर्यत चालू होती. ऑस्ट्रेलियाचा संघ पूर्ण वेगात असताना ॲलेक्स पोर्टर या स्वाराचे हँडल अकस्मात तुटून हातात आले. क्षणभर तो हँडलाविना सायकल सावरत राहिला आणि मग तोंडावर आपटला. सुदैवाने तो उठला. संघाला पुन्हा धावण्याची संधी मिळाली, आणि शेवटी त्या संघाने कांस्यपदकही मिळवले. पुढे चौकशी झाली. स्वार ज्या जोराने हँडल ओढतात, त्या वारंवारच्या जोराला पुरून उरेल इतके बळ ते घडवताना मागितलेच गेले नव्हते आणि त्याची पुरेशी पारखही झाली नव्हती, असा तिचा आशय होता. हवेचे गणित अचूक होते. हाताचे गणित चुकले होते.

पडणाऱ्याचे पाय मोकळे राहावेत म्हणून हँडल मांड्यांखालून मागे वळवणारा १८८० च्या दशकातील कारागीर या प्रसंगी आठवल्यावाचून राहत नाही. त्याच्यापाशी ना वाऱ्याचे बोगदे होते, ना टायटॅनियम. परंतु स्वार केव्हा तरी पडणार, हे त्याला ठाऊक होते.

तेव्हा शर्यतीच्या सायकलीसाठी हँडल आणि स्टेम निवडणाऱ्याला हा इतिहास काय सांगतो? पहिली गोष्ट, प्रथम शर्यत ओळखावी. उभे राहून झेपावण्याची असेल तर खोल व ताठ हँडल, दीर्घ पल्ल्याची असेल तर अनेक मुठींना जागा देणारे. दुसरी, स्टेमचे माप आपल्या हातांवरून आणि पाठीवरून घ्यावे, जगज्जेत्याच्या छायाचित्रावरून नव्हे. छाती आवळली जाते का, मान अवघडते का, वळणावर पुढचे चाक थरथरते का, हे शरीर स्वतःच सांगते. फक्त त्याचे ऐकावे लागते. तिसरी, ग्रॅम वाचवण्यापूर्वी बळ पाहावे. बोल्ट योग्य तितकाच आवळलेला आहे ना, धातूवर चीर नाही ना, पूर्वी आपटलेले हँडल पुन्हा लावले नाही ना, याची खात्री प्रत्येक शर्यतीपूर्वी करून घ्यावी. वाऱ्याशी सौदा जरूर करावा. पण त्या सौद्यात हातावरचा ताबा गहाण टाकू नये.

मराठीत 'जीव मुठीत धरणे' असा एक वाक्प्रचार आहे. तो भीतीच्या प्रसंगी वापरतात. व्हेलोड्रोमच्या उतारावर मात्र त्याचा अर्थ अक्षरशः खरा होतो. तेथे स्वाराचा जीव खरोखरच त्याच्या मुठीत असतो, आणि ती मूठ कशावर बसली आहे, हे त्याने स्वतः पारखून घेतलेले असावे लागते. गोमती नगरच्या उद्यानात सैल हाताने जाणाऱ्या सायकलस्वाराला ही चिंता नाही, हे त्याचे भाग्य. परंतु त्याच्या हातातील साध्या हँडलचे नातेही थेट मानहाइमच्या त्या लाकडी दांड्याशी पोचते. वळण आणि आधार ही दोन्ही कामे तेही मुकाट्याने करीत असते, आणि म्हणूनच त्याचा एक हात बोलण्यासाठी मोकळा राहतो.